नर रातांबा

आमच्या घरामागे पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला एक रातांबा उभा आहे. रातांबा म्हणजे कोकमाचं झाड. त्याला आजवर एकही फळ लागलेलं नाही. तो नर आहे. घरात तीनदा तरी त्याला तोडायची गोष्ट निघाली. एकदा गोठा नव्याने उभारायचा होता तेव्हा, एकदा काकांच्या लग्नात चुलवणाला सरपण कमी पडलं तेव्हा, आणि एकदा आजोबांच्या आजारपणात, मागचं सगळं वरकस, म्हणजे डोंगरउतारावरचं, रानच ठेकेदाराला द्यायचं ठरलं तेव्हा. तिन्ही वेळा तो वाचला तो कुणाच्या मायेमुळे नव्हे. तो अडचणीच्या दरडीवर होता, आणि तिथून ओंडका वर आणायची मजुरी लाकडाच्या किमतीपेक्षा जास्त झाली असती, एवढंच.

त्याच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर मादी झाड आहे. मे महिन्यात आमची सगळी वर्दळ त्या झाडाखाली. नर झाडाकडे आम्ही पोरं फक्त लपायला जायचो. रातांब्याच्या फांद्या खाली झुकतात. बुंध्याशी जाऊन बसलं की आत हिरवा काळोख, आणि बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही. कोवळी पालवी तांबूस असते, नखाने पान खुडलं तर पिवळा चीक येतो. थंडीत त्याच्याखाली लहानलहान मांसल फुलं पडलेली असायची. ती कशाची, कशासाठी, हे विचारावंसं तेव्हा वाटलं नाही.

रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी. दोन्ही तऱ्हेची फुलं एकाच झाडावर, असंही क्वचित आढळतं. बीपासून आलेलं रोप फुलोऱ्यावर यायला सात-आठ वर्षं घेतं आणि तोवर ते नर आहे की मादी हे नुसतं पाहून सांगता येत नाही. ढोबळमानाने निम्मी नर निघतात. सात-आठ वर्षं गुरांपासून, वणव्यापासून राखलेलं झाड शेवटी नर निघालं की हात कोयत्याकडे जातो. कोकणात अशी कितीतरी झाडं चुलीत गेली. मी त्या लोकांना दोष देत नाही. ज्याला सोलं, म्हणजे फळाच्या वाळवलेल्या साली, विकून पावसाळ्याचं मीठ-मिरची भरायची आहे त्याने न फळणारं झाड कशासाठी ठेवावं?

मी मात्र ते ठेवावं म्हणतो. का, ते सांगायला मला रानापासून सुरुवात करावी लागेल.

शाळेत वर्षावन शिकलो ते ॲमेझॉनचं. आमच्या घरामागे त्याचाच एक दूरचा, उन्हाने गांजलेला नातलग आहे हे पुस्तकात नव्हतं. रत्नागिरी जिल्ह्यात पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. दक्षिणेला केरळात कोरडे महिने तीन-चार, आमच्याकडे सात-आठ. त्यात जमीन जांभ्याची, पाणी फार काळ धरून न ठेवणारी. म्हणून बारमाही हिरवी झाडं इथे डोंगरभर पसरत नाहीत. ती घळीत, पऱ्याच्या काठाला, देवराईत दाटी करून राहतात. मोकळ्या उतारावर ऐन, किंजळ, कुंभा यांचं राज्य, आणि जिथे ही झाडं उंच होऊन आपली सावली जमिनीवर धरतात तिथे त्यांच्या आडोशाने जांभूळ, अंजनी, सुरंगी, रातांबा अशी मंडळी वर येतात. रातांबा हे वरच्या छताचं झाड नव्हे, मधल्या मजल्याचं. मँगोस्टीनच्या कुळातला, शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. सह्याद्रीचा पश्चिम उतार हेच त्याचं खरं घर. सावंतवाडीपासून खाली गोव्यात त्याला भिरंड म्हणतात. २०१६ साली सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले ते सोलांचे आणि सरबताच्या बाटल्यांचे. झाडाचा फोटो मी तरी पाहिला नाही.

आमचं वरकस मी कॉलेजात असताना तुटलं. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या मालकीचं जंगल अगदी थोडं आहे. रान आहे ते बहुतेक सातबाऱ्यावरचं, आणि एकेका सातबाऱ्यावर नावं दहा-वीस. कोकणातल्या कुटुंबाची ती अडीनडीची ठेव असते. आजारपण, लग्न, शिक्षण आलं की रान कापायला द्यायचं आणि पंधरा-वीस वर्षांनी फुटवे वाढले की पुन्हा द्यायचं. आमच्या आजोबांचं ऑपरेशन त्या पैशांतून झालं आणि ते पुढे अकरा वर्षं जगले. त्या विक्रीला मी कधीच नावं ठेवणार नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा मागच्या दारातून थेट समोरच्या डोंगराचा कडा दिसला होता. तो कडा तिथून दिसतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. आई म्हणाली, "उजेड झाला घरात." तिच्या आवाजात आनंद नव्हता.

पुढच्या काही वर्षांत तिथे रानमोडीचं तण माजलं. फेब्रुवारी-मार्चात कुठून तरी वणवा यायचा आणि खुंटांना आलेले फुटवे करपवून जायचा. पऱ्या पूर्वी मार्चपर्यंत झुळझुळायचा, तो जानेवारीतच आटायला लागला.

२०१२ च्या जूनमध्ये मी झाडं लावायला घेतली. नोकरी पुण्यात, हातात रजेचे दहा दिवस, खिशात थोडे पैसे आणि डोक्यात पक्कं की रातांबाच लावायचा. आपल्या मातीतलं झाड, उत्पन्नही देणारं. एका रोपवाटिकेतून साठ कलमं आणली. दोन गड्यांनी पारय घेऊन रांगेत खड्डे मारले, शेणखत घातलं, काठ्या रोवल्या. गणपतीला गेलो तेव्हा कलमं टवटवीत होती. मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले. पुढच्या मे महिन्यात जिवंत होती अकरा.

एका माणसाला आठवड्यातून दोनदा पाणी घालायला सांगितलं होतं आणि त्याने ते प्रामाणिकपणे घातलंही होतं. पानं आधी कडेने तपकिरी झाली, मग पूर्ण वाळली, झाडावरच लटकून राहिली. मी काठीकाठीशी थांबत उतार उतरत होतो. काकू खाली परसात उभी होती. तिने एकच विचारलं, "अरे, रातांबा कधी उन्हात रुजलेला बघितलायस तू?"

नव्हता बघितला. चाळीस वर्षं ते झाड पाहत होतो आणि त्याचं पोर कुठे रुजतं हे पाहिलं नव्हतं. काकूने मला हात धरून न्हाणीच्या मागे नेलं. तिथे जुन्या जांभळाची दाट सावली, सांडपाण्याचा ओलावा, आणि पातेऱ्यात, वाळक्या पानांच्या थरात, बोटभर-वीतभर उंचीची, गर्द हिरव्या जाड पानांची रोपं. सतरा मोजली. कुणी लावली नव्हती. रातांबे फोडल्यावर गराचं पाणी नि चुकार बिया तिथे वर्षानुवर्षं फेकल्या जात होत्या.

त्या दिवसापासून मी रातांब्याच्या बीकडे पाहायला शिकलो. बऱ्याच झाडांची बी वाळते आणि वाट पाहते. ऐनाची, शिवणीची बी डब्यात भरून ठेवता येते. रातांब्याच्या बीला वाट पाहता येत नाही. ती वाळली की मेली. फळातून निघाल्यावर ओल, सावली आणि माती थोड्या दिवसांत मिळाली नाही तर तिच्यातला जीव जातो. वर्षावनातल्या पुष्कळ झाडांच्या बिया अशाच असतात, कारण मूळ घरी जमीन कधी पुरती कोरडी होतच नसे. बी साठवून ठेवायची गरज त्या झाडांना पडली नाही. आमच्याकडे मात्र वर्षातले आठ महिने कोरडे. मग या झाडाने जुळवून कसं घेतलं? त्याचं फळ पिकतं एप्रिल-मे पासून, आणि शेवटची फळं पिकेपर्यंत पाऊस येऊन टेकतो.

कोकणातल्या प्रत्येक घराला ही गोष्ट संकट म्हणून माहीत आहे. सोलं वाळवायची म्हणजे ऊन हवं. रातांबे फोडायचे, गर-बिया वेगळ्या करायच्या, साली मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात टाकायच्या, संध्याकाळी गोळा करून पुन्हा रसाचं पूट द्यायचं, असं पाच-सात दिवस. मध्येच वळवाची सर आली तर सगळा घाट, म्हणजे एका वेळी वाळत घातलेली सगळी सोलं, बुरशीला जातो. त्यामुळे जूनमधली फळं झाडाखाली तशीच सडतात. लाल चिखल होतो आणि बायका हळहळतात. मीही हळहळायचो. पण ज्या बीला वाळणं म्हणजे मरण, तिच्यासाठी पावसाच्या तोंडावर जमिनीवर पडणं हाच जगायचा एकमेव मुहूर्त आहे. आपण ज्याला नासाडी म्हणतो त्या चार-पाच आठवड्यांत हे झाड आपला पुढचा वंश पेरत असतं.

आता त्या पेरणीतही खंड पडू लागला आहे. पूर्वीही बिया जपायच्या: उन्हात वाळवून, कुटून, पाण्यात उकळायच्या, वर तरंगलेला तवंग काढून मुठीत वळायचा. ते मुठेल. टाचांच्या भेगांना, फुटलेल्या ओठांना घरोघर तेच लावायचे. आज तेच कोकम बटर म्हणून क्रीम-साबणात जातं आणि वाळलेल्या बियांना भाव आहे. घरच्या बाईच्या हातात त्यातून चार पैसे येतात, हे चांगलंच आहे. फक्त न्हाणीमागे फेकली जाणारी मूठ आता पोत्यात जाते. मी काकूला म्हटलं, दर पोत्यामागे एक पायली ओल्या बिया मला दे. ती म्हणाली, "घे की. पण आधी सावली आण."

सावली विकत मिळत नाही. ती आणायला मला तीन वर्षं लागली आणि त्या तीन वर्षांत मी एकही झाड लावलं नाही. लोकांनी विचारलं, सोडलंस का? मी करत होतो ते एवढंच, की दरवर्षी डिसेंबर संपायच्या आत वरकसाच्या कडेने दहा हात रुंदीची पट्टी साफ करून जाळरेषा काढायची, गडगा पडलेला असेल तिथे चिरे पुन्हा रचायचे, आणि भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, आमच्या रानातली कवळं, पालेदार फांद्या, तोडायची नाहीत असं भावकीला विनवायचं. हे शेवटचं काम सगळ्यांत अवघड होतं. दोन बैठका झाल्या. शेवटी काकांनी आपल्या वाट्याच्या ऐनांची कवळं सगळ्यांना द्यायची तयारी दाखवली तेव्हा जमलं.

आणि वणवा थांबला तसं रान आपलं आपण उठलं. तोडलेलं ऐन-किंजळ मुळाशी जिवंत असतं. एकेका खुंटाला आठ-दहा फुटवे आले, त्यांतले जोमदार दोन-तीन ठेवून बाकीचे काढले. रानमोडीच्या डोक्यावरून पहिल्यांदा कुणी वर आलं असेल तर तो चांदाडा. मोठाली ढालीसारखी पानं, देठ पानाच्या काठाला न जुळता आत जुळलेला, वाढ झपाट्याची. त्याच्या बिया पाखरं घेऊन येतात. चांदाड्याच्या लाकडाला गावात किंमत नाही आणि मीही पूर्वी तो उपटून फेकला असता. तिसऱ्या पावसाळ्यात त्याच्या छत्रीखाली रानमोडी पिवळी पडून बसली होती.

नंतर वाचताना कळलं की जगात बऱ्याच ठिकाणी माणसं याच वाटेने गेली आहेत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला आणि १९९० च्या दशकापासून थायलंडमध्ये चिआंग माईला ज्यांनी उष्ण कटिबंधातली रानं परत उभी करायचा अभ्यास केला, त्यांनी झाडं निवडली ती दोन गुणांवर: लवकर सावली करून गवत-तण दाबणारी, आणि पाखरांना-प्राण्यांना बोलावणारी. बाकीचं रान ते पाहुणेच आणून टाकतात. आपल्याकडे तमिळनाडूत वालपाराईच्या चहामळ्यांमध्ये उरलेले वर्षावनाचे तुकडे दिव्या मुदप्पा आणि टी. आर. शंकर रामन दोन दशकांहून अधिक काळ सांधत आहेत. तिथे ते स्थानिक झाडांच्या कितीतरी जाती मिसळून लावतात, आणि शेजारच्या रानात रस्त्याकडेला पडलेल्या बिया गोळा करून त्यांची रोपं करतात. रस्त्याच्या डांबरावर पडलेली बी तशीही मरणारच असते. हे वाचून मी उठून बाहेर गेलो होतो. आमच्या न्हाणीमागची सतरा रोपं डोळ्यांपुढे आली.

महाराष्ट्रात १ जुलै २०१६ ला २ कोटी झाडं लावायचा संकल्प झाला, २०१९ ला तो आकडा ३३ कोटींवर गेला. माणसं झाडापाशी आली, पोरांनी हाताने माती ढकलली, याचं मोल मी कमी करत नाही. पण खड्डा मोजता येतो म्हणून आपण खड्डे मोजतो, आणि रातांब्यासारख्या झाडाला हवा असतो तो आडोसा मोजता येत नाही. उघड्या उतारावर जगतील अशीच झाडं मग पुन्हा पुन्हा लावली जातात. शेजारच्या गावच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड आहे. हिरवी दिसते, वाढलीही भराभर. तिच्यातून चालताना पायाखाली करकरीत वाळकी पानं वाजतात. रातांब्याचं, अंजनीचं, जांभळाचं एक रोप मला तिथे दिसलेलं नाही.

आता कलमांविषयी. दोष कलमांचा नव्हता. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने निवडलेली कोकण अमृता ही जात बागेसाठी फार चांगली आहे. लवकर उत्पन्न, आणि झाड फळणारंच निघण्याची खात्री. ज्याला बाग करायची त्याने कलमच लावावं. मी बाग आणि रान यांत गल्लत केली होती. कलम म्हणजे एकाच झाडाची पुन्हा पुन्हा काढलेली प्रत. शिवाय रातांब्याची एक खोड आहे: सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची काडी बांधली तर झाड सरळ वर जातं, आडव्या फांदीची काडी बांधली तर ते आयुष्यभर आडवंच पसरत राहतं. फळं काढायला ते सोयीचंही असेल. रानात मात्र उजेडासाठी वर चढावं लागतं. माझ्या जगलेल्या अकरा कलमांपैकी चार आज कमरेएवढी उंच आणि खाटेएवढी रुंद आहेत. ती फळतात, मला प्रिय आहेत, पण त्यांच्या अंगात रान नाही.

रानाला हवेत सगळे. लवकर पिकणारे, उशिरा पिकणारे, लाल सालीचे, पिवळट सालीचे, कोरड्या वर्षात तगून राहणारे, आणि नर. पऱ्याकाठच्या आमच्या मादी झाडाच्या प्रत्येक बीत अर्धा वाटा दुसऱ्या कुणाचा तरी आहे, आणि आसपास उभा राहिलेला दुसरा कोण? ज्याच्याखाली मी लपायचो तोच. थंडीत त्याच्याखाली पडलेली ती बारीक फुलं मला आता आठवतात तेव्हा वाटतं, केवढं काम चाललं होतं तिथे, आणि आम्ही तीनदा कोयता काढला होता.

२०१६ च्या जूनमध्ये काकूने पायलीभर बिया दिल्या. गर धुऊन, सावलीत निथळून, चार दिवसांत चांदाड्याखाली आणि ऐनाच्या फुटव्यांच्या उत्तरेला पातेरा बाजूला सारून बोटभर खोल टोकल्या. पुन्हा पातेरा पसरला. बरेच दिवस काही दिसेना. श्रावणात पहिला कोंब दिसला. रानडुकरांनी एक अख्खी बाजू उकरली. पहिल्या उन्हाळ्यात काही रोपं गेली, दुसऱ्यात थोडी. पाणी मी कुणालाच घातलं नाही. वाढ इतकी सावकाश की दोन वर्षांनीही ती गुडघ्याला आली नव्हती, आणि मला मधूनमधून भीती वाटायची की ही थांबलीच. ती थांबली नव्हती. मुळं खाली जात होती. सहाव्या वर्षी एक जण माझ्या डोक्याच्या वर गेला.

मागच्या डिसेंबरात त्यांतल्या पाच झाडांना फुलं आली. तीन नर. मी काकूला सांगितलं तेव्हा ती सोप्यावर तांदूळ निवडत होती. ऐंशी ओलांडली आहे तिने. म्हणाली, "तीन म्हणजे जास्तच झाले." मग थोड्या वेळाने, "पण तोडू नकोस."

या जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर मी पऱ्या ओलांडून वरच्या बाजूला गेलो, जिथे आम्ही बी टोकलेलीच नव्हती. एका सपाट कातळावर कांडेचोराची, म्हणजे उदमांजराची, विष्ठा होती, पावसाने धुऊन गेलेली, आणि तिच्यात रातांब्याच्या चार बिया स्वच्छ दिसत होत्या. कातळाच्या खालच्या बाजूला, भेगेतल्या मातीत, गेल्या साली रुजलेलं असावं असं एक रोप होतं. चार हिरवी पानं आणि वर दोन तांबूस. मी त्याला काठी रोवली नाही, चिठ्ठी बांधली नाही. फोनवर एक फोटो घेतला आणि खाली आलो.

काकूने चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"कुठेशी?"

"वरच्या कातळापाशी. कांडेचोराने नेलंय."

"नर की मादी?"

"सात-आठ वर्षांनी कळेल."

तिने फोन परत दिला. बाहेर ढग उतरायला लागले होते आणि खळ्यात शेवटचा घाट सोलं पडली होती. "चल, धर ते सूप," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं सोलं भरायला गेलो.